पाण्यात किडे पडले

त्या वर्षी उन्हानं सुरुवात कोंबड्यांपासून केली. दुपारी शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पक्षी चोची उघड्या टाकून, पंख पसरून तुसावर आडवे झालेले असायचे. सकाळी ते उचलायचं काम धाकटीचं. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. शेड थोरल्या दिराची आणि मेलेल्या कोंबड्या धाकटीच्या. ही वाटणी कुणी केली, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

एका हातात पाच, दुसऱ्या हातात पाच, पायांना धरून. रात्रीत मेलेल्या कडक झालेल्या असायच्या, त्या बऱ्या. आदल्या दुपारी मेलेल्या आणि बाकीच्यांच्या अंगाखाली दबून राहिलेल्या वाईट. त्यांची पोटं हिरवी पडलेली असायची आणि उचलायला जावं तर पाय हातात यायचा, कोंबडी खालीच राहायची. मग ती दोन्ही तळव्यांनी खरवडून काढायची, तुसासकट. थोरला दाराशी पांढरा सदरा घालून उभा असायचा आणि किती गेल्या ते तिथूनच विचारायचा. आत पाऊल टाकलं तर चपला घाण होतात.

पहिले आठ दिवस धाकट्यानं, म्हणजे धाकटीच्या नवऱ्यानं, खड्डे खणले. तो पंप दुरुस्त करायचा आणि विहिरीत उतरायची कामं घ्यायचा, खणण्याचं त्याला वावडं नव्हतं. पण त्या जमिनीत हातभर माती आणि खाली खडक. एका खड्ड्याला अर्धा दिवस जायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पुरायचा नाही. नवव्या दिवशी थोरला म्हणाला की एवढा आयता खड्डा असताना आपण वेड्यासारखे खणतोय कशाला.

आयता खड्डा म्हणजे शेडच्या मागचं भगदाड. टेकडीच्या पायथ्याला खडकात ते तोंड उघडं पडलं होतं, माणूस उभा आत उतरेल एवढं. भर उन्हाळ्यात त्यातून गार वारा वर यायचा. सासू नवी नवरी होती तेव्हा दुधाचं भांडं त्याच्या काठावर ठेवायची, दूध दोन दिवस नासत नसे. धाकट्यानं पहिली पाटी त्यात रिकामी केली. आधी काहीच ऐकू आलं नाही, मग दणका, मग पाण्याचा आवाज.

"दादा, खाली पाणी आहे," तो म्हणाला.

"असू दे की. ओलं असलं की लवकर कुजतं," थोरला म्हणाला आणि निघून गेला. आपण काहीतरी हुशारीचं बोललो असं त्याला वाटलं असावं. त्याला नेहमीच तसं वाटायचं.

भगदाडापासून घराच्या अंगणातली विहीर हाकेच्या अंतरावर होती. तिच्यावर आठ घरं पाणी भरत. ते पाणी जुनं, गार, आणि त्यात आंधळ्या होत्या. आंधळ्या म्हणजे कापून टाकलेल्या नखाएवढे पांढरे जीव, आरपार दिसणारे, कोळंबीच्या घडणीचे पण डोळेच नसलेले. त्या खाली अंधारात राहायच्या. कधीतरी एखादी घागरीत यायची. सासूच्या हाताखालची रीत अशी की पाणी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर आंधळी राहिली तर तिला विहिरीत परत सोडायची. "जा, माहेरी पोचव तिला," असं सासू म्हणायची. या घरात आलेल्या कुणाला तरी माहेरी पोचवतात म्हणून धाकटीला पहिल्या वर्षी त्याचं फार हसू यायचं.

तीन वर्षांपूर्वी एक बाई जाळी आणि चाळण्या घेऊन आली. तिला सगळे चाळणीवाली म्हणत. तिच्या तोंडी आंधळीचं नाव दीड वीत लांब होतं. ती दोन दिवस विहिरीच्या काठावर पोटावर पडून होती आणि शेवटी तिनं सांगितलं की या टेकडीच्या पोटातलं पाणी सोडलं तर हा जीव जगात कुठंही नाही. इथून गेला की गेला. मोठी जाऊ म्हणाली, बरं आहे मग, एकाच ठिकाणी आहे ते. सगळे हसले. चाळणीवालीही हसली, पण जाताना तिनं बारीक जाळी, एक वही आणि आपला फोन नंबर धाकटीच्या हातात दिला. दर आठवड्याला जाळी तळापर्यंत सोडायची, सावकाश वर घ्यायची, आंधळ्या मोजायच्या, परत सोडायच्या, आकडा लिहायचा. बस. धाकटीला लग्न झाल्यापासून कुणी काही विचारलं नव्हतं. या बाईनं विचारलं आणि ती सांगेल तो आकडा खरा धरला. तीन वर्षांत तिनं एक आठवडा चुकवला नाही. पोट दुखत असलं तरी कमरेला फडकं आवळून ती जाळी सोडायची. आकडा सहा, सात, फार तर नऊ.

भगदाडात पाट्या पडायला लागल्या त्याला वीस दिवस झाले होते. पाण्याला वास येत होता, पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की येतोच थोडा, असं सगळे एकमेकांना सांगत होते. त्या सकाळी धाकटीनं जाळी सोडली. तळापर्यंत जायची वेळच आली नाही. पाण्याच्या वरच्या अंगालाच जाळी जड लागली. तिनं ती वर घेऊन परातीत उलटी केली आणि बघतच राहिली. परातीत पांढरं सगळं वळवळत होतं. तिनं दोनदा मोजलं. त्रेसष्ट.

तिला इतका आनंद झाला की हात पुसायचंही भान राहिलं नाही. आपण तीन वर्षं परत सोडल्या, त्याचं हे फळ, असं तिला वाटलं. समोरून शिंपीण घागर घेऊन आली, तिला तिनं हाक मारून परात दाखवली. मास्तर दात घासत उभे होते, त्यांनाही दाखवली. कुणी बाळ दाखवावं तशी ती परात दाखवत होती. शिंपिणीनं वाकून पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला.

"अगं बाई. पाण्यात किडे पडलेत," ती म्हणाली.

"किडे नाहीत हो, आंधळ्या आहेत. आधीपासूनच्या."

"इतक्या? मेलेल्या जनावरात पडतात तसल्या आहेत या." तिनं घागर तिथंच ओतली आणि मास्तरांकडे वळून म्हणाली की आम्ही हेच पितोय. मास्तरांनी तोंडातलं पाणी थुंकलं, मग पुन्हा थुंकले, आणि मग भिंतीला हात लावून ओकले.

तेवढं होईस्तोवर धाकटीनं चाळणीवालीला फोन लावलाही होता. त्रेसष्ट म्हणून तिनं दोनदा सांगितलं. मग त्या बाईनं विचारलं की जाळी किती खोल होती. वरच्या वर, असं धाकटीनं सांगितलं.

"त्या वर कधीच येत नाहीत," चाळणीवाली म्हणाली. "खाली पाण्यात दम उरला नाही की येतात. गुदमरून. टेकडीच्या बाजूला कुणी काही टाकतंय का?"

धाकटीनं आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत तूस होतं. वीस दिवस पाट्या तिनंच वाहिल्या होत्या. नवरा नसेल त्या दिवशी ढकलल्याही तिनंच होत्या. तो दणका आणि मागून पाण्याचा आवाज तिनं रोज ऐकला होता, आणि ते पाणी कुठलं असेल हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. आणि वर ती आकडा वाढला म्हणून नाचत होती. चाळणीवाली म्हणाली की टाकणं आत्ताच्या आत्ता बंद करा, मी परवा पोचते, तोवर विहिरीत औषध मात्र कुणाला टाकू देऊ नका, एकही वाचणार नाही.

पण 'किडे पडले' हे शब्द आठ घरांत फिरायला वेळ लागत नाही. दुपारच्या आत सगळी विहिरीभोवती जमा झाली. आदल्या दिवसापर्यंत ज्यांना वास उन्हाळ्याचा वाटत होता, त्यांना आता तो किड्यांचा वाटायला लागला. कुणाच्या पोराचं पोट चार दिवस बिघडलं होतं, कुणाच्या अंगावर पुरळ होतं, सगळ्याचं बिल आंधळ्यांवर फाटलं. थोरला आला, त्यानं परातीत डोकावलं, आणि धाकटीनं पाहिलं की त्याचा चेहरा उजळला. वास कशाचा आहे हे त्याला नक्की माहीत होतं. त्याला दुसरं कारण हवं होतं आणि ते त्याच्याच भावजयीनं परातीत घालून आणून दिलं होतं.

कुणी काही करू नका, असं तो लोकांना म्हणाला. शेडसाठी ब्लीचिंग पावडर आणून ठेवलीय, अख्खी गोणी आहे, मी स्वतः टाकतो. लोक म्हणाले की माणूस असावा तर असा.

सासऱ्यांच्या वयाची माणसं उभी होती आणि धाकटीनं त्या घोळक्यात आजवर पाण्याच्या पाळीखेरीज कशावर शब्द काढला नव्हता.

"भावजी, वास त्यांचा नाही," ती म्हणाली. "आपण भगदाडात कोंबड्या टाकतोय, त्याचा आहे. तेच पाणी इकडं येतं."

"आमच्या धाकटीला किड्यांचा भारी लळा," थोरला लोकांकडे बघून म्हणाला. "वही ठेवलीय तिनं त्यांची. शाळेत घालणार आहे." लोक हसले. मग तो तिच्याजवळ येऊन, हसू तसंच ठेवून, हळू आवाजात म्हणाला की घरातलं घरात बोलावं, एवढी अक्कल माहेरी शिकवतात. धाकटा पंपापाशी बसून एक नट घट्ट करत होता. तो आधीच घट्ट होता. धाकटीला त्या क्षणी दोघा भावांची सारखीच शिसारी आली.

मध्ये पडली ती सासू, आणि तीही पक्ष्यांचं नाव घेऊन. आधी शेडच्या टाक्या भरून घ्या, पावडर पडली की दोन दिवस कोंबड्यांना काय पाजणार, असं ती म्हणाली. ते थोरल्याला पटलं. टाक्या भरायला दोन तास लागणार होते. त्या दोन तासांत धाकटीनं जाळी सोडली आणि वर घेतली, सोडली आणि वर घेतली. खांदे भरून आले, काठाच्या दगडानं कोपर सोलवटलं. शेवटच्या जाळ्यांत आंधळ्यांबरोबर पिसं यायला लागली, चरबीनं पिवळी झालेली, बोटांना चिकटणारी. सासू रिकाम्या घागरी पुढं सरकवत होती. तीन घागरी भरल्या. त्या धाकटीनं मागच्या खोलीत जमिनीवर ठेवून वरून ओली पोती टाकली. मग थोरल्यानं गोणीचं तोंड फाडलं. पावडर तोंडावर उडू नये म्हणून रुमाल बांधला आणि गोणी धाकट्याला ओतायला सांगितली. धाकट्यानं ओतली.

सकाळी विहिरीत पाणी दिसत नव्हतं. वर पांढरा थर होता. तीन वर्षं एका वेळी सहा-सात मोजणाऱ्या धाकटीला खाली किती होत्या याची कल्पनाच नव्हती. हजारो असाव्यात. काही अजून पाय हलवत होत्या. थोरल्यानं चाळणीनं त्या काढवून घेतल्या आणि अंगणात पत्र्यावर पसरून ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. ऊन चढलं तशा त्या आधी दुधासारख्या झाल्या, मग गुलाबी, मग पत्र्याला चिकटल्या. बघा, एवढे पोटात गेले असते, असं तो सांगत होता. मास्तरांनी त्याचे आभार मानले. शिंपिणीनं तर हात जोडले.

मागच्या खोलीत घागरींतल्या आंधळ्याही मरत होत्या. पोती ओली होती, पण खोली तापलेली. फोनवर चाळणीवाली म्हणाली की त्यांना गार, अंधारातलं, वाहतं पाणी लागतं, आजच लागतं, मी उद्या आले तर मला रिकाम्या घागरी मिळतील. वाहतं गार पाणी त्या मुलखात एकाच ठिकाणी होतं, भगदाडाच्या तळाशी. धाकटीनं फोन ठेवला आणि नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. थोरला कोंबड्यांच्या गिऱ्हाइकाची गाडी आणायला गेला होता.

"मला आठ दिवस झाले माहीत होतं," धाकटा खाली बघूनच म्हणाला. "पंपाची जाळी साफ करायला उतरलो तेव्हा टेकडीकडच्या भेगेतून चरबी येताना बघितली."

"मग पाणी कसं पीत होतात?"

"तू देत होतीस."

तो उठला, विहिरीवरची कप्पी आणि दोर सोडवला आणि भगदाडाकडे चालायला लागला.

आधी त्यानं खालची हवा बघायला कंदील सोडला. कंदील खालपर्यंत जळत राहिला, गार वारा अजून वाहता होता. मग त्यानं नाकाला दोन पदरी फडकं बांधलं, कमरेला दोर घेतला आणि उतरला. खालून त्याचा ओकल्याचा आवाज आला. दोनदा. मग त्यानं कमरेचा दोर सोडून पाटीला बांधला, दोराला झटका बसला आणि धाकटीनं पहिली पाटी ओढली.

जे वर आलं त्याला कोंबडी म्हणायची सोय राहिली नव्हती. कातडी, पिसं आणि मधे राखाडी लगदा. त्यात खरे किडे होते, जाड, पिवळट, एकमेकांवर चढणारे. शिंपिणीला किडे बघायचे होते तर हे होते. पाटीच्या विणीतून काळं पाणी गळायचं ते दोरावर, दोरावरून हातांवर, कोपरांवरून पोटावर. तिसऱ्या पाटीला धाकटीचे हात सुटायला लागले. तेव्हा मागून कुणीतरी दोर धरला. मोठी जाऊ होती. तिनं नाक-तोंड पदरानं आवळून बांधलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"टाकायचं कुठं हे?" पाटी वर आल्यावर एवढंच मोठी जाऊ म्हणाली.

"शेडच्या दारात," धाकटी म्हणाली.

मोठी जाऊ क्षणभर थांबली. शेड तिच्या नवऱ्याची होती. मग तिनं पाटीचा दुसरा कान धरला.

दुपार कलेपर्यंत त्यांनी एकेचाळीस पाट्या काढल्या. शेडच्या दारात कमरेएवढा ढीग झाला आणि त्याच्या कडेनं काळा ओघळ अंगणाकडे निघाला. माशा इतक्या की ढीग हलतोय असं वाटावं. मग धाकट्यानं खालून ओरडून सांगितलं की मागं एक अरुंद फट आहे, टेकडीच्या आतून पाणी तिच्यातून येतंय, घाणीच्या वरच्या अंगाला, आणि ते इतकं गार आहे की हात बधिर होतोय. सासू मागच्या खोलीतून घागरी घेऊन आली. दोन घागरींत सगळं मेलेलं होतं. तिसरीत, तळाला, अकरा हलत होत्या. धाकटीनं ती घागर दोराला बांधली आणि एवढा वेळ ओढताना जी घाई केली ती सगळी सोडून, बोट-बोट करत खाली सोडली. ती रडत होती. ते तिला लपवावंसंही वाटलं नाही.

वासानं लोक आले. आधी मास्तर, मग शिंपीण, मग बाकीचे. ढिगाच्या अलीकडे दहा पावलांवर सगळे थबकले. कुणीतरी विचारलं की हे कुठं होतं, आणि सासूनं काठीनं भगदाड दाखवलं आणि तीच काठी फिरवून विहीर दाखवली. शिंपिणीनं तोंडावरचा पदर काढला आणि पुन्हा घेतला. त्याच वेळी गिऱ्हाइकाची गाडी शेडपाशी येऊन थांबली आणि ड्रायव्हरशेजारून थोरला उतरला. गिऱ्हाइकानं ढीग बघितला, काच वर केली आणि गाडी मागं घेतली. थोरला भगदाडापाशी धाकटीसमोर आला, मागून लोकही आले. त्याचा आवाज चिरकला होता.

"घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस."

"अब्रू नाही, भावजी," धाकटी म्हणाली. "कोंबड्या आहेत. तुमच्याच."

दोराला तीन झटके बसले. तीन म्हणजे माणूस वर घ्यायचा. धाकटीनं दोर धरला, पण तिच्या हातात जोर राहिला नव्हता आणि मोठी जाऊ भिंतीकडे तोंड करून ओकत होती. धाकटीनं लोकांकडे बघितलं. लोकांनी दोराकडे बघितलं. तो काळा, ओला होता आणि त्याला पिसं चिकटली होती. कुणी पुढं झालं नाही. पुन्हा तीन झटके बसले, या खेपेला ढिले, आणि आतून धाकटा "दादा" म्हणून ओरडला. त्याला वर कोण आहे हे माहीत नव्हतं. लहानपणापासूनची सवय म्हणून तो ओरडला असेल.

थोरल्यानं एकदा मागं बघितलं. मग त्यानं दोर धरला. तो हातातून निसटला म्हणून त्यानं मनगटाला वेढा दिला, आणि मग कोपराला, आणि पांढऱ्या सदऱ्याची छाती दोरावर टेकवून तो ओढायला लागला. भाऊ वर येईपर्यंत त्याचं तोंडही त्याच घाणीनं माखलं. त्यानंतर तो तासभर टाकीपाशी साबण चोळत बसला होता. तो वास चार-पाच दिवस जात नाही, हे धाकटीला माहीत होतं. तिनं त्याला सांगितलं नाही.